फेरारी, फरारी आणि मुदत

३ सप्टेंबर २०१२. बँकॉकच्या सुखुमवित रस्त्यावर पहाटेचे साडेपाचही वाजले नव्हते. थोंग लो पोलीस ठाण्याचे ४७ वर्षांचे विचियन क्लानप्रासर्ट मोटरसायकलवरून ड्युटीवर होते. मागून एक फेरारी आली, तिने त्यांना उडवलं आणि फरफटत बरंच अंतर नेलं. विचियन गेले. फेरारी थांबली नाही. पण तिच्यातून गळणाऱ्या तेलाची रेघ रस्त्यावर उमटत गेली होती. तिचा माग काढत पोलीस जवळच्याच एका बंगल्याच्या फाटकाशी येऊन थांबले.

बंगला यूविद्या कुटुंबाचा. नाव ओळखीचं नसेल, पण त्यांचं पेय ओळखीचं आहे. चालिओ यूविद्या यांनी थायलंडमध्ये ट्रकचालक आणि मजुरांसाठी काढलेलं ‘क्रातिंग डेंग’ हे पेय पुढे एका ऑस्ट्रियन भागीदाराबरोबर जगभर ‘रेड बुल’ म्हणून विकलं गेलं. चालिओ त्याच वर्षी मार्चमध्ये वारले होते. फेरारी चालवत होता त्यांचा २७ वर्षांचा नातू वोरायुत. घरात आणि पुढे वर्तमानपत्रांतही त्याचं नाव ‘बॉस’.

आधी पुढे केला गेला तो घरचा ड्रायव्हर. ते टिकलं नाही, तेव्हा वोरायुत समोर आला. रक्तात दारूचं प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त निघालं, तर सांगण्यात आलं की अपघाताचा धक्का बसला म्हणून घरी आल्यावर घेतली. पाच लाख बाथवर जामीन झाला. पुण्याच्या वाचकाला इथे मे २०२४ मधली कल्याणीनगरची पोर्श आठवल्याशिवाय राहणार नाही. तिथेही घरच्या ड्रायव्हरला अंगावर घ्यायला लावल्याचा आणि ससूनमध्ये रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप आहे. श्रीमंतांच्या गाड्यांखाली माणसं मेली की पुढची पानं इतकी सारखी का निघतात, हा वेगळाच विषय आहे. बँकॉकच्या या प्रकरणात मला बोलायचंय ते वेळेबद्दल.

कारण वोरायुतवरचे गुन्हे कोर्टात लढून सुटले नाहीत. ते एकेक करून जुने झाले आणि मेले.

गुन्हा जुना होतो म्हणजे काय? मुदतीची कल्पना आपल्याला पैशांच्या व्यवहारातून माहीत असते. कुणाला हातउसने पैसे दिले, त्याने परत केले नाहीत, तर साधारण तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. नंतर गेलात तर वकील मान हलवून सांगतो, ‘मुदतबाह्य झालं, साहेब.’ पैसे बुडवले हे खरं असतं, पण दाद मागायची वेळ गेलेली असते. फौजदारी गुन्ह्यांनाही बऱ्याच देशांत अशीच मुदत असते. ठरावीक वर्षांत सरकारने खटला उभा केला नाही, तर नंतर तो करता येत नाही.

ऐकून राग येतो, पण या नियमामागची कारणं खोटी नाहीत. वीस वर्षांनी साक्षीदाराला काय आठवणार? गाडीचा रंग, माणसाचा चेहरा, दिव्याचा उजेड होता की नव्हता, सगळं धूसर होतं. कागद गहाळ होतात. निर्दोष माणसाकडेही ‘त्या दिवशी मी कुठे होतो’ याचा पुरावा उरत नाही. शिवाय किरकोळ गुन्ह्याची टांगती तलवार एखाद्याच्या डोक्यावर जन्मभर ठेवणं बरं नव्हे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुदत हा पोलिसांच्या पाठीवरचा चाबूक आहे. दिलेल्या वेळात काम उरका, नाहीतर केस गेली. म्हणजे मुदत बसवली ती सरकारच्या आळसावर उपाय म्हणून. तिचा उपयोग आरोपीला होऊ लागला, तो कसा, हे बघायचं तर थायलंडच्या दंडसंहितेचं ९५ वं कलम बघावं लागतं.

त्या कलमाचं गणित सरळ आहे: शिक्षा जेवढी मोठी, तेवढी मुदत लांब. फाशी, जन्मठेप किंवा वीस वर्षांची शिक्षा असेल तर मुदत २० वर्षं. सात ते वीस वर्षांच्या शिक्षेला १५. एक ते सात वर्षांच्या शिक्षेला १०. महिन्याहून जास्त पण वर्षाच्या आतल्या शिक्षेला ५. त्याहून किरकोळ गुन्ह्याला फक्त १ वर्ष.

आता हे फेरारीला लावून बघा. एकाच पहाटेचे चार गुन्हे आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. वेगमर्यादा मोडल्याला नुसता दंड, म्हणून मुदत एक वर्ष. २०१३ च्या सप्टेंबरात हा गुन्हा संपला. धडक देऊन मदत न करता पळून जाण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, म्हणून मुदत पाच वर्षं. हा २०१७ मध्ये संपला. रक्तात कोकेनचे अंश सापडले होते. त्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, मुदत दहा वर्षं. हा २०२२ मध्ये संपला. उरतो तो बेदरकार गाडी चालवून मृत्यूला कारण होण्याचा गुन्हा. शिक्षा दहा वर्षांपर्यंत, मुदत पंधरा वर्षं. त्याची शेवटची तारीख ३ सप्टेंबर २०२७.

यातली मेख नीट बघण्यासारखी आहे. सगळ्यात लहान गुन्हा सगळ्यात आधी मरतो, आणि जाताना मोठ्या गुन्ह्याचा एक पाय घेऊन जातो. बेदरकारपणा सिद्ध करायचा तर गाडी किती वेगात होती हेच तर दाखवायचं असतं. वेगाचा गुन्हा वर्षभरातच मोडीत निघाला, तेव्हा त्या आकड्याकडे कुणाचं फारसं लक्ष राहिलं नाही. तोच आकडा पुढे कसा बदलला, त्याकडे येतोच.

लोकांच्या मनात चित्र असतं की श्रीमंत आरोपी गुन्हा करतो, रातोरात विमानात बसतो आणि परदेशात लपून मुदत संपायची वाट बघतो. वोरायुतच्या बाबतीत पहिली जवळजवळ पाच वर्षं तसं काहीच झालं नाही. तो फरार नव्हता. त्याचा पत्ता सगळ्यांना माहीत होता. सरकारी वकील त्याला बोलवत होते आणि तो येत नव्हता, एवढंच. कधी कामासाठी परदेशी, कधी तब्येत बरी नाही, कधी आपल्यावर अन्याय होतोय म्हणून त्याच्या वकिलांनी कायदेमंडळाच्या समितीकडे केलेला अर्ज. दर वेळी नवी तारीख. यातलं एकही कारण बेकायदेशीर नव्हतं आणि प्रत्येकाची फी कुणीतरी भरत होतं. दरम्यान ‘असोसिएटेड प्रेस’च्या बातमीदारांनी त्याचा माग काढला तेव्हा तो वेगवेगळ्या देशांत फिरताना, फॉर्म्युला वनच्या शर्यती बघताना सापडला. अनेक फोटो तर घरच्यांनी आणि मित्रांनीच समाजमाध्यमांवर टाकलेले होते.

अखेर २७ एप्रिल २०१७ ला हजर व्हायचं ठरलं. त्याच्या दोन दिवस आधी तो खासगी विमानाने सिंगापूरला गेला. मग वॉरंट निघालं, पासपोर्ट रद्द झाला. पळून जायला त्याला एक दिवस लागला, पण तोपर्यंत पाच वर्षं खर्ची पडलेली होती. मदत न करता पळाल्याच्या गुन्ह्याला जेमतेम चार महिने उरले होते. पळून जाणं हा या कहाणीतला छोटा भाग आहे. खरी चोरी समन्स आणि तारखांच्या मधल्या काळात झाली, आणि तो काळ चोरायला विमान लागत नाही.

आता त्या आकड्याकडे. सुरुवातीला पोलिसांच्या तज्ज्ञाने सीसीटीव्हीवरून काढलेला वेग होता ताशी १७७ किलोमीटर. पुढे दुसऱ्या पद्धतीने गणित करून तो ७९ च्या आसपास आणला गेला. त्या रस्त्यावरची मर्यादा ८०. इतकं नेमकं बसलेलं गणित शाळेतल्या शिक्षकालाही संशयास्पद वाटेल. त्यात सात-आठ वर्षांनी साक्षीदार पुढे आले: गाडी हळूच होती, मोटरसायकलच अचानक लेनमध्ये आडवी आली. या जोरावर २०२० मध्ये सरकारी वकिलांनी मुख्य गुन्हाही मागे घेतला. गुपचूप. बातमी फुटली ती जुलैमध्ये, परदेशी वृत्तवाहिनीमुळे.

आणि थायलंड पेटला. कोविडचे दिवस, आधीच सरकारविरोधी निदर्शनं सुरू झालेली, त्यात ही बातमी. ‘तुरुंग फक्त गरिबांसाठीच’ हे तिकडेही म्हणीसारखं बोललं जातं. रेड बुलवर बहिष्काराच्या हाका सुरू झाल्या. पंतप्रधानांना चौकशी समिती नेमावी लागली. नव्या साक्षीदारांपैकी एक जण त्याच आठवड्यात चियांग माईमध्ये मोटरसायकलच्या अपघातात मेला, त्यामुळे चर्चेला आणखी तोंड फुटलं. समितीचे प्रमुख विचा महाखुन हे भ्रष्टाचारविरोधी आयोगाचे माजी सदस्य. खटला मोडून काढण्यासाठी अधिकाऱ्यांनी संगनमत केल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. नवं वॉरंट निघालं. कोकेनचा मुद्दा दाताच्या उपचारांवर ढकलण्यात आला होता, तो दंतवैद्यानेच नाकारला. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या भ्रष्टाचारविषयक न्यायालयाने एका माजी उपमहाधिवक्त्याला तीन वर्षांची आणि आणखी एका सरकारी वकिलाला दोन वर्षांची शिक्षा सुनावली. माजी पोलीसप्रमुख आणि इतर काही जण सुटले.

म्हणजे आरोपीला मदत केली म्हणून माणसांना शिक्षा झाली, आणि खुद्द आरोपीवर आरोप वाचूनही झाला नव्हता.

का झाला नाही? इथे थाई कायद्याचं ते खास कलम पुन्हा आड येतं. तिथे मुदतीच्या आत नुसतं आरोपपत्र तयार करून भागत नाही. आरोपीला घेऊन कोर्टात उभं करावं लागतं. तो हजर नसेल तर खटला दाखल झाला असं धरलं जात नाही. आणि तो जितके दिवस हजर नाही, तितके दिवस घड्याळ चालूच राहतं. एवढंच काय, खटला सुरू झाल्यावर मध्येच पळाला तरी पळाल्या दिवसापासून मुदत मोजली जाते. शिक्षा झाल्यावर पळाला, तर ती शिक्षा भोगायला लावण्यालाही वेगळी मुदत असते. माजी पंतप्रधान थाक्सिन शिनावात यांना २००८ मध्ये रत्चादा भागातल्या जमिनीच्या प्रकरणात दोन वर्षांची शिक्षा झाली. ते परदेशीच राहिले. २०१८ मध्ये दहा वर्षं भरली आणि ती शिक्षा संपली.

अमेरिकेत याच्या उलट आहे. तिथल्या संघराज्य कायद्यात न्यायापासून पळणाऱ्याला मुदतीचा फायदाच मिळत नाही. वाक्य एका ओळीचं आहे, पण सगळा खेळ त्यावर ठरतो. पळाल्यावर घड्याळ थांबत असेल, तर पळून काहीच मिळत नाही. चालत असेल, तर पैसा असलेल्या माणसाला फक्त हिशेब करायचा असतो: पंधरा वर्षं चांगल्या देशात राहायला किती खर्च येईल? मजुराला हा पर्याय नाही. तो पळाला तरी कामाला लागला की सापडतो, कारण त्याला पोट भरायला कुठेतरी आधारकार्ड किंवा तत्सम काहीतरी दाखवावंच लागतं.

थायलंडला हे कळत नाही असं नाही. भ्रष्टाचाराच्या प्रकरणांत २०११ पासून त्यांनी फरार असतानाचा काळ मुदतीतून वगळला. राजकारण्यांच्या काही खटल्यांत आरोपी नसताना सुनावणी करायची सोयही पुढे केली. पण गाडीखाली माणूस मारणं हा भ्रष्टाचार नव्हे, तो साधा फौजदारी गुन्हा, म्हणून जुनंच कलम लागू.

त्या जुन्या कलमाने काय होऊ शकतं, याचं याहून भीषण उदाहरण तिथेच आहे. २५ ऑक्टोबर २००४ ला दक्षिणेतल्या नराथिवात प्रांतात ताक बाई इथे निदर्शकांना हात मागे बांधून लष्करी ट्रकांत एकावर एक रचण्यात आलं. वाटेत ७८ जण गुदमरून आणि चेंगरून मेले. गोळीबारातले धरून ८५. वीस वर्षं सरकारने खटला भरला नाही. शेवटी २०२४ मध्ये कुटुंबांनी स्वतः दाद मागितली आणि कोर्टाने ती दाखल करून घेतली. आरोपींमध्ये एक निवृत्त सेनाधिकारी होता, तोवर सत्ताधारी पक्षाचा खासदार झालेला. त्याला फक्त काही आठवडे हजर व्हायचं नव्हतं. तो उपचारांसाठी परदेशी गेला, बाकीचेही आले नाहीत, आणि २५ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री प्रकरण संपलं. ‘म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो’ ही आपली म्हण. ताक बाईत दुःख दोन्हींचं आहे, पण त्यातला ‘काळ’ इतका शब्दशः कधी वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

उलटी गोष्टही एक आहे आणि तिच्यात भारतीय माणूस आहे. राकेश सक्सेना. १९९६ मध्ये कोसळलेल्या ‘बँकॉक बँक ऑफ कॉमर्स’मधल्या पैशांच्या अपहाराचा आरोप असलेला सल्लागार. त्याच वर्षी तो कॅनडात पकडला गेला आणि प्रत्यार्पणाविरुद्ध तेरा वर्षं लढत राहिला. २००९ मध्ये त्याला बँकॉकला आणलं, २०१२ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. तेरा वर्षं ओढूनही मुदतीच्या आत पोहोचलेला. पण त्यासाठी कॅनडाच्या तेरा वर्षांच्या कोर्टबाजीला पुरून उरणारा चिवटपणा लागला.

आणि इंटरपोल? रेड नोटीस निघाली की आपल्याकडे बातम्यांत असं बोलतात जणू उद्याच बेड्या पडणार. इंटरपोलकडे कुणाला पकडायला स्वतःचे पोलीस नाहीत. रेड नोटीस म्हणजे एका देशाने बाकीच्यांना केलेली विनंती: ‘हा दिसला तर कळवा, जमलं तर धरा.’ धरायचं की नाही हे त्या त्या देशाचा कायदा ठरवतो. वोरायुतची नोटीस २०१७ मध्ये निघाली आणि पुढच्याच वर्षी इंटरपोलच्या जाहीर यादीतून दिसेनाशीही झाली. शिवाय अनेक प्रत्यार्पण करारांत अट असते की गुन्हा मुदतबाह्य झाला असेल तर माणूस सोपवता येत नाही. म्हणजे परदेशी कोर्टातही आरोपीचं घड्याळ त्याच्या मदतीला धावून येतं.

मग आपल्याकडे काय? इथे एक गैरसमज आहे. मल्ल्या, नीरव मोदी यांच्याबद्दल बोलताना लोक सहज म्हणतात, ‘मुदत संपली की येतील परत.’ तसं होणार नाही. भारतात ज्या गुन्ह्याला तीन वर्षांहून जास्त शिक्षा आहे, त्याला मुदतच नाही. फक्त दंडाच्या गुन्ह्याला सहा महिने, एक वर्षापर्यंतच्या शिक्षेला एक वर्ष, एक ते तीन वर्षांच्या शिक्षेला तीन वर्षं, आणि त्यापुढे काही नाही. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१४ आहे. मुदतीचे आकडे तेच.

आणि लहान गुन्ह्यांतही थायलंडची पळवाट आपल्याकडे नाही. आरोपी फरार किंवा लपून असेल, किंवा देशाबाहेर असेल, तर तो काळ मुदतीत धरत नाहीत. दुसरं म्हणजे, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केलं की मुदत मोजायची ती तक्रार दाखल झाल्याच्या तारखेपर्यंत, कोर्टाने दखल कधी घेतली त्यावर नाही. आरोपी समोर असण्याचीही गरज नाही. आपल्या वर्तमानपत्रांत रोज वाचतो ना, ‘आरोपपत्रात त्याला फरार दाखवण्यात आलं आहे’? त्या एका ओळीने थायलंडमध्ये वोरायुतची अर्धी कहाणी थांबली असती. वाहनाने मृत्यूच्या गुन्ह्यात तर आणखी एक बदल झालाय. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ ला दोन वर्षांपर्यंतची शिक्षा होती, म्हणजे तीन वर्षांची मुदत. नव्या न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली, तशी मुदतच उडाली.

म्हणून आपलं दुखणं वेगळं आहे. इथे घड्याळ नाही, आणि घड्याळ नाही म्हणून घाईही नाही. विजय मल्ल्या २ मार्च २०१६ ला देश सोडून गेले. मुंबईच्या विशेष न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यांना ‘फरार आर्थिक गुन्हेगार’ ठरवलं. शंभर कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकरणांसाठी केलेल्या २०१८ च्या कायद्याखाली असं ठरलेले ते पहिलेच. फोर्टच्या ब्रॅडी हाऊसमधल्या पंजाब नॅशनल बँकेच्या शाखेचं प्रकरण फुटायच्या आधीच, जानेवारी २०१८ मध्ये नीरव मोदी निघून गेले होते. लंडनच्या न्यायाधीशांनी मल्ल्यांच्या प्रत्यार्पणाच्या प्रकरणात आर्थर रोड तुरुंगातल्या १२ नंबर बराकीचा व्हिडिओ मागवला, दिवसाउजेडी काढलेला, खिडकीतून खरंच प्रकाश येतो का हे बघायला. कच्च्या कैद्यांनी गच्च भरलेल्या बाकीच्या बराकींचा व्हिडिओ आजवर कुणी मागवल्याचं ऐकिवात नाही.

२०१८ च्या कायद्याने मालमत्ता जप्त करून विकता येते. माणूस नाही तर निदान त्याचा पैसा, असा तो विचार. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने त्यापुढे जाऊन कलम ३५६ आणलं: दहा वर्षं किंवा त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यात उद्घोषित झालेला, म्हणजे कोर्टाने जाहीरपणे फरार ठरवलेला आरोपी खटला टाळायला पळाला असेल आणि लवकर सापडायची शक्यता नसेल, तर त्याच्या गैरहजेरीत खटला चालवून निकाल देता येतो. आधी किमान तीस दिवसांच्या अंतराने दोन वॉरंट, वर्तमानपत्रात नोटीस आणि आरोप निश्चित झाल्यापासून नव्वद दिवस थांबायचं. आरोपीसाठी सरकारी खर्चाने वकील द्यायचा. माणूस समोर नसताना शिक्षा देण्याबद्दल वकिलांमध्ये शंका आहेत, आणि त्या रास्त आहेत. पण त्याच कलमाच्या शेवटी एक तरतूद आहे. शिक्षेविरुद्ध अपील करायचं असेल तर फरारीला स्वतः कोर्टात हजर व्हावं लागेल, आणि निकालाच्या तारखेपासून तीन वर्षं उलटली की ते अपीलही करता येणार नाही.